काही आठवड्यांपूर्वीचा चेहरा

भाचीला एका अर्जासाठी फोटो हवा होता आणि ताईला वेळ नव्हता, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. पडद्यासमोरच्या स्टुलावर ती बसली तीच मुळी आखडून. हनुवटी छातीकडे ओढलेली, ओठ घट्ट मिटलेले, केस कपाळावर मुद्दाम सोडलेले. कान दिसायला हवेत म्हणून फोटोग्राफरने केस मागे घ्यायला सांगितले. तिने घेतले, आणि पांढऱ्या छत्रीवरून परतलेला तो लख्ख उजेड तिच्या कपाळावर पडला. कॅमेऱ्यामागून डोकं वर काढत तो अगदी आपुलकीने म्हणाला, "काळजी करू नकोस बाळा, तोंडावरचं ते सगळं मी नंतर घालवून देतो." तिने त्याला काहीच विचारलं नव्हतं. ती मान हलवून हसली, पण पुढच्या प्रत्येक फोटोत तिचे डोळे कॅमेऱ्याच्या किंचित खाली कुठेतरी बघत राहिले. नंतर आम्ही त्याच्या संगणकापाशी उभ्या होतो. माऊसने तो एकेक ठिपका पुसत गेला. एक क्लिक, एक पुळी. कपाळ झालं, गाल झाले, आणि त्या ओघात हनुवटीवरचा तिचा जन्मापासूनचा तीळही गेला. तो परत आणायला मी सांगितलं, त्याने आणला. भाचीचं तिकडे लक्षच नव्हतं. पडद्यावरच्या त्या गुळगुळीत मुलीकडे ती पापणी न हलवता बघत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मावशी, मी नीट तोंड धूत नाही का गं?"

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. फोटोग्राफरचा राग येण्याचं कारण नव्हतं, त्याला मदतच करायची होती. पण या मुलीची त्वचा साबणाने इतकी कोरडी झाली होती की ओठांच्या कडेला पापुद्रे सुटले होते, हसताना गाल ताणले जात होते, आणि तरी तिला वाटत होतं की आपलंच धुणं कमी पडतंय. हा संशय तिला कुणी एकाने दिलेला नव्हता. घरातल्यांनी, वर्गातल्यांनी, सहज भेटलेल्यांनी थोडा थोडा करून दिला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी प्रेमानेच. तो संशय मला पुरता ओळखीचा आहे. तिच्या वयाची असताना मी उजव्या जबड्यावर तळवा टेकवून बसायचे, विचारात पडल्यासारखी. वर्गात खिडकीच्या कुठल्या बाजूला बसलं की कुठला गाल उजेडात येतो हे मला पाठ होतं. रात्री कुशीवर वळताना कानाखालची गाठ उशीला लागली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या ठणक्यातही बोट तिथेच जायचं, ती अजून आहे का ते बघायला. गंधकाचा वास असलेलं एक गुलाबी पाणी मी रात्री कापसाने लावत असे. ते वाळलं की चेहरा कागदासारखा व्हायचा. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात गालावर जायचा. आरशापेक्षा बोटांना लवकर कळायचं.

मुरूम म्हणजे काय, हे मला त्या काळात कुणी समजावून सांगितलं नाही. उपाय मात्र सगळ्यांनी सांगितले. पुढे मी स्वतःहून वाचत गेले, विचारत गेले, आणि जे कळलं त्यातली एक गोष्ट मनात फार खोल गेली. आज सकाळी गालावर उगवलेली पुळी आजची नसते. तिची सुरुवात साधारण 8 आठवडे आधी झालेली असते. आपल्या त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी, अगदी डोळ्यांना न दिसणाऱ्या लवेच्या मुळाशीसुद्धा, तेलाची एक ग्रंथी असते. तळहात आणि तळपाय सोडले तर ती जवळपास सगळीकडे असते. चेहऱ्यावर तिची दाटी सर्वांत जास्त, दर चौरस सेंटीमीटरला 400 ते 900. वयात येताना पुरुषी संप्रेरकं वाढू लागतात, मुलग्यांत आणि मुलींतही, आणि या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. नळीचं तोंड आतून भरत जातं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्वचा नितळ असते, तेव्हाच आत ही सूक्ष्म गुठळी बसलेली असते. तिच्यामागे तेल साचतं, आणि प्राणवायू कमी असलेल्या त्या जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. ते काही बाहेरून आलेले नसतात. निरोगी, डागविरहित त्वचेवरही ते राहतात. शरीर त्यांच्यावर चिडून उठतं, लाली येते, सूज येते, आणि मग कुठे आरशात काहीतरी दिसतं. दाह तर कधी कधी त्याही आधी, गुठळी बसण्याच्या वेळीच सुरू झालेला असतो, असं आता मानलं जातं.

तोंड धुण्याचा या सगळ्याशी संबंध इतकाच, की पृष्ठभागावरचं तेल आणि घाम निघून जातो. दिवसातून दोनदा, सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने, हाताने. घामाघूम झाल्यावर आणखी एकदा. त्यापुढे जितकं घासावं तितकं त्वचेचं कवच जातं आणि दाह वाढतो. नळीच्या आत जिथे गुठळी आहे तिथवर साबण पोचतच नाही. भाचीला मी हे रस्त्यातच सांगितलं. तिने नाकावर बोट ठेवून विचारलं, "मग हे काळं?" नाकावरचे ते काळे ठिपके मळाचे असतात असं समजून किती मुलींनी आपली नाकं सोलून काढली असतील! ब्लॅकहेड म्हणजे तोंड उघडं राहिलेली तीच गुठळी. तिच्यातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आणि तेल हवेला लागून काळवंडतं. त्यात धूळ नसते. जिचं तोंड बारीक आणि त्वचेने झाकलेलं असतं ती व्हाइटहेड, त्वचेच्याच रंगाचा किंवा पांढुरका बारीक उंचवटा. तिला हवा लागत नाही म्हणून ती काळी पडत नाही. एकाच गोष्टीची ही दोन रूपं, आणि जिचा रंग काळा तिच्या वाट्याला घाणेरडेपणाचा आरोप आला.

पुढे मी तिला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर तिची खुर्ची खिडकीकडे वळवली. मग दोन बोटांत गालाची त्वचा हलकेच ताणली. ताणल्यावर एरवी न दिसणारे बंद उंचवटे रांगेने वर आले. माझ्या आठवणीत त्या वयातल्या माझ्या चेहऱ्याला असा कुणी शांतपणे हात लावला नव्हता. लोक लांबून बघून सांगायचे. बाईंची बोटं फिरत होती आणि त्या सांगत होत्या, हे बंद, हे उघडे, हे लाल टणक पण पू नसलेले, हे टोकावर पिवळे झालेले. मग जबड्याच्या खाली दाबून बघत म्हणाल्या, "गाठी नाहीत, हे चांगलं आहे." त्या एका वाक्यामागे काय आहे ते मला ठाऊक होतं. लाल उंचवटे आणि पुवाच्या पुटकुळ्या बहुतेक वेळा वरच्यावर राहतात आणि वण न ठेवता जाऊ शकतात. गाठीचं तसं नसतं. नळीची भिंत आतल्या आत फुटते, तेल आणि जिवाणू आजूबाजूच्या मांसल थरात पसरतात, आणि 5 मिलिमीटरपेक्षा मोठा, खोल, ठणकणारा गोळा तयार होतो. तो पिकून वर येत नाही, आठवडेच्या आठवडे तिथेच बसतो. काहींमध्ये मऊ, द्रवाने भरलेल्या पिशव्या होतात. क्वचित अनेक गाठी त्वचेखालून एकमेकींना जोडल्या जातात. आणि फारच क्वचित, बहुतेक वेळा वयात येणाऱ्या मुलग्यांत, अचानक सगळी छाती आणि पाठ व्रणांनी भरते, ताप येतो, सांधे दुखतात. तेव्हा वाट बघायची नसते, तातडीने उपचार लागतात.

"वयाचं आहे, जाईल आपोआप." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि त्यात खरं पुष्कळ आहे. 12 ते 24 या वयातल्या सुमारे 85 टक्के लोकांना कमीअधिक मुरूम होतातच, आणि बहुतेकांचे जातात. धीर देण्यासाठी ते वाक्य चांगलं आहे. पण ज्या चेहऱ्यावर गाठी आहेत त्या चेहऱ्याला ते सांगू नये असं मला कळकळीने वाटतं. मुरूम जातात, वण राहतात. वाट बघण्याची किंमत त्या मुलाला किंवा मुलीला पुढची कित्येक वर्षं चेहऱ्यावर मोजावी लागते, आणि ती टाळता येण्याजोगी असते.

बाईंनी बरेच प्रश्न विचारले. खाज येते का? छातीवर, पाठीवर आहेत का? पाळी नियमित आहे का? हेल्मेटचा पट्टा, तोंडावर सतत बांधलेला मास्क, हनुवटीखाली धरलेलं एखादं वाद्य? केसांना काय लावतेस? आणि कुणी सुचवलेलं एखादं मलम, ज्याने लगेच फरक पडला? यातला प्रत्येक प्रश्न एका वेगळ्या दिशेला जात होता. कपाळावर आणि छातीवर सगळ्या पुळ्या एकसारख्या, बारीक आणि खाजऱ्या असतील, तर तो बहुधा मुरूम नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टने झालेला केसपुळ्यांचा प्रकार असतो, आणि मुरमांसाठी दिलेल्या प्रतिजैविकांनी तो आणखी फोफावतो. केसांच्या तेलकट प्रसाधनांनी कपाळाच्या कडेला ओळीने येणारे वेगळे, सततच्या घर्षणाने येणारे वेगळे. गालांवर लाली आणि पुळ्या आहेत पण ब्लॅकहेड, व्हाइटहेड एकही नाही, तर रोझेशियाचा, म्हणजे चेहरा लाल करणाऱ्या एका वेगळ्या त्वचाविकाराचा, विचार करायचा. मलमाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता असं मला वाटतं. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की लाली दोन दिवसांत उतरते, माणूस आनंदतो, रोज लावू लागतो, आणि काही काळाने एकाच आकाराच्या पुळ्यांनी चेहरा भरून जातो. थांबवलं की अजून भडकतं, म्हणून थांबवायची भीती वाटते. त्वचा पातळ होते ती वेगळीच. अशा मलमात अडकलेली एक मुलगी त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेली होती. तिचे गाल लाल, चकचकीत, आणि ती सारखा हातातला रुमाल ओला करून गालाला लावत होती.

पाळीच्या प्रश्नावरून मला एक मैत्रीण आठवली. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई. जबड्याच्या रेषेवर आणि हनुवटीवर दर महिन्याला पाळीच्या आधी दुखऱ्या गाठी यायच्या तिला. शाळेत असताना तिचा चेहरा स्वच्छ होता, आम्हाला तिचा हेवा वाटायचा. एकदा ती माझ्याकडे येऊन रडली. मुरमांपेक्षाही तिला लाज वाटत होती ती या वयात आल्याची, जणू काही हा हक्क फक्त पोरासोरांचा. मोठ्या वयाच्या बायकांमध्ये हे अगदी सर्रास आढळतं. तिच्या बाबतीत पाळी अनियमित होती, हनुवटीवर केस वाढले होते, आणि तपासण्यांनंतर कळलं की बीजकोशांचा तो सर्वपरिचित विकार, पीसीओएस, तिला कितीतरी वर्षांपासून होता. म्हणजे तिचा चेहरा एक गोष्ट सांगत होता आणि ती त्याच्यावर लेप थापत होती. पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव कमी करणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी तिला डॉक्टरांनी दिली. ती गर्भारपणात चालत नाही, हे समजावून दिली. काही महिन्यांनी गाठी थांबल्या. संप्रेरकांचा हा धागा शोधायला विज्ञानालाही वेळ लागला. 1941 मध्ये अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात येण्यापूर्वी ज्यांचं वृषणांचं कार्य थांबलं त्या पुरुषांना मुरूम होत नाहीत, आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्यातल्या काहींना ते होतात. त्याच्या कितीतरी शतकं आधी सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पिडकांना सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. सावरीचं कोवळं खोड ज्याने पाहिलंय त्याला ती किती नेमकी आहे ते कळेल. खालून रुंद, वर टोक, आणि आतूनच उगवलेलं.

खाण्याबद्दल बाईंनी फार कडक काही सांगितलं नाही, आणि ते मला आवडलं. झपाट्याने रक्तातली साखर वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर काही जणांना फरक पडतो, दुधाचाही काही संबंध दिसतो, याला थोडाफार पुरावा आहे. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या 1200 आणि पॅराग्वेतल्या आचे जमातीच्या 115 लोकांना तपासलं, तेव्हा एकाच्याही अंगावर मुरूम सापडला नव्हता. त्या निरीक्षणाने आहाराची चर्चा पुन्हा सुरू केली. पण जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा, 80 टक्क्यांच्या आसपास, दिसलेला आहे. एखादीच्या ताटातला प्रत्येक घास तपासून तिला दोषी ठरवण्याआधी हेही आठवावं. ताईचा आणि माझा चेहरा त्या वयात कसा होता ते भाचीने जुन्या फोटोंत बघितलं आहे. आमच्या बाबांच्या पाठीवर वण आहेत. हे तिच्याकडे आमच्याकडून आलं आहे.

तिला औषधं साधीच दिली. रात्री ॲडापॅलीनचं मलम, सकाळी 2.5 टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड, साधं मॉइश्चरायझर आणि उन्हापासून संरक्षण. बेंझॉइल पेरॉक्साइडची तीव्रता वाढवून गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते, आणि प्रतिजैविकांना जसे जिवाणू दाद देईनासे होतात तसं त्याच्या बाबतीत होत नाही. कापडाचा रंग मात्र ते उडवतं. ताईच्या घरातल्या गडद निळ्या टॉवेलवर आता भाचीच्या बोटांचे नारिंगी ठसे उमटले आहेत. सुरुवातीला ॲडापॅलीन एक दिवसाआड, वाटाण्याएवढं, आणि सगळ्या चेहऱ्यावर. "फक्त पुळीवर नाही," बाई दोनदा म्हणाल्या. भाचीने कारण विचारलं, आणि त्यांचं उत्तर ऐकताना मला आनंद झाला, कारण तिला कुणीतरी तिच्या वयाला झेपेल असं पूर्ण सांगत होतं. हे मलम आत्ता दिसणाऱ्या पुळीपेक्षा अजून न दिसलेल्या गुठळीवर काम करतं. ज्या पुळ्या पुढच्या महिन्यात यायच्या आहेत त्या आज आत तयार आहेत. म्हणून पहिल्या आठवड्यांत फरक दिसणार नाही, कदाचित थोडं वाढल्यासारखंही वाटेल, आणि खरा निवाडा 12 आठवड्यांनी करायचा. बहुतेक मुलं इथेच सोडून देतात. रोज आरशात बघणाऱ्याला तीन महिने म्हणजे काय असतं, हे ज्याने सोसलंय त्यालाच माहीत.

या मलमांच्या घराण्याला एक काळा इतिहास आहे, आणि तो माझ्या मनात रुतून बसला आहे. ॲडापॅलीनच्या आधीचं, त्याच रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या औषधांच्या, वर्गातलं ट्रेटिनॉइन मुरमांवर वापरण्याचं श्रेय अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाला दिलं जातं. अमेरिकेत 1971 मध्ये त्याला मान्यता मिळाली. याच क्लिगमनने 1950 च्या दशकापासून 1974 पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या अंगावर प्रयोग केले. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, पैशांच्या गरजेपोटी तयार झालेले, आणि आपल्या त्वचेवर काय लावलं जातंय याची पुरती कल्पना नसलेले. या औषधाच्या चाचण्याही तिथे झाल्या. करोडो चेहऱ्यांना यातून आराम मिळाला आहे, त्यात आमच्या घरातला एक चेहरा आहे. तरीही रात्री भाची ते मलम बोटावर घेते तेव्हा मला त्या कैद्यांच्या पाठी आठवतात, चौकोन आखून पट्ट्या चिकटवलेल्या. मी तिला अजून हे सांगितलेलं नाही. थोडी मोठी झाली की सांगणार आहे.

गाठींच्या आणि वण पडणाऱ्या मुरमांवर सर्वांत प्रभावी ठरलेलं औषध आयसोट्रेटिनॉइन, अमेरिकेत 1982 मध्ये मान्य झालेलं. तेलग्रंथी आक्रसतात, आणि कित्येकांचे मुरूम एका उपचारक्रमात कायमचे थांबतात. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, यकृतासाठी आणि रक्तातल्या चरबीसाठी तपासण्या कराव्या लागतात. आणि पोटातल्या बाळावर त्याने गंभीर व्यंगं येतात, म्हणून स्त्रियांना ते देताना गर्भधारणा होणार नाही याची पूर्ण खात्री लागते, औषध चालू असताना आणि थांबवल्यावरही किमान एक महिना. मनावर होणाऱ्या परिणामांबद्दलही डॉक्टर विचारपूस करत राहतात. माझ्या एका मावसभावाला ते दिलं होतं. मुलगे याबद्दल बोलत नाहीत हे मला त्याच्यामुळे कळलं. पाठीवरच्या गाठी फुटून त्याचे शर्ट खराब व्हायचे, तो ते स्वतः धुवायचा, दोरीवरही आतून उलटे वाळत घालायचा. पोहणं त्याचं फार आवडतं होतं. ते त्याने अभ्यासाचं कारण देऊन सोडलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

फोडू नकोस, हे तर सगळेच सांगतात. भाचीलाही सांगितलं. दाबल्यावर थोडा ऐवज वर येतो आणि बाकीचा खाली फुटतो, म्हणजे जे गाठीत होतं तेच आपण पुळीत घडवून आणतो. पण हात का जातो, हेही कुणी समजून घ्यावं. न दिसण्याजोगे मुरूम असतानाही सतत खरवडून चेहऱ्यावर जखमा करून घेणाऱ्या तरुण मुलींचं वर्णन फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच केलेलं आहे. आरशासमोर रात्री उशिरापर्यंत उभं राहणं मीही केलं आहे. त्या क्षणी वाटतं की निदान एक गोष्ट तरी आपल्या हातात आहे. तिथे धाक कामाला येत नाही. कुणीतरी जवळ असावं लागतं.

डाग आणि वण यांतला फरक बाईंनी शेवटी सांगितला, आणि भाचीचा चेहरा उजळला तो तेव्हा. पुळी गेल्यावर जो तपकिरी ठिपका राहतो तो रंगाचा असतो. सावळ्या त्वचेत तो ठळक असतो, उन्हाने गडद होतो, पण महिन्यांनी का होईना फिका होतो. हात फिरवला तर लागत नाही. वण हाताला लागतो. सुई टोचल्यासारखे अरुंद खोल, सरळ कडांचे रुंद, आणि लाटेसारखे उतरते असे खड्ड्यांचे तीन प्रकार आहेत, आणि छातीवर, खांद्यांवर, जबड्यावर कधी उलट उंच वाढणारे वण येतात. तिच्या गालांवर जवळजवळ सगळे डागच होते.

माझ्या उजव्या गालावर लाटेसारखे आहेत. समोरून उजेड असला की कळत नाहीत, बाजूने पडला की दिसतात. ती मलम घेऊन उठली तेव्हा मी बाईंना माझ्याबद्दल विचारलं. त्यांनी मलाही खिडकीकडे वळवलं आणि गाल ताणून बघितला. अशा वणात त्वचा आतल्या तंतूंनी खाली खेचून धरलेली असते. भूल देऊन त्वचेखाली सुई घालायची आणि ते तंतू तोडायचे, याला सबसिजन म्हणतात. काही दिवस काळंनिळं होतं, एकापेक्षा जास्त बैठका लागतात, आणि खड्डे पूर्ण भरतीलच असं नाही, उथळ होतात. मी घरी येऊन विचार केला आणि नाव नोंदवलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आता? या वयात?" मी तिला तारीख सांगितली, आणि त्या दिवशी मला घरी न्यायला ये म्हटलं.